राणा, रावळ, रावत आणि आपला राऊत

प्रश्न असा आला आहे: "उदयपूरचा महाराणा, डुंगरपूरचा महारावल, प्रतापगडचा महारावत. तिन्ही घराणी मूळची मेवाडचीच म्हणतात. मग या पदव्या चढत्या-उतरत्या दर्जाच्या आहेत का? आणि राणा हे राणीचं पुल्लिंग का?"

आधी त्या 'महारावल'चं बघू, कारण हे वाचून वाचून जीव विटला आहे. शब्द रावळ आहे. राजस्थानी बोलणाऱ्याच्या तोंडात आपल्यासारखाच खणखणीत ळ आहे. लिहिण्याच्या हिंदीत तो नाही, म्हणून हिंदीवाले 'रावल' लिहितात, आणि आपली वर्तमानपत्रं तिथून उचलून मेवाडच्या मूळपुरुषाचं नाव 'बाप्पा रावल' छापतात. ज्या दोन भाषांनी हा ळ जपला, त्यांनी एकमेकींची नावं तिसरीच्या लिपीतून का घ्यावीत?

दर्जाचं उत्तर एका ओळीत: नाही, या पदव्या पायऱ्या नाहीत. इंग्रजांनी उदयपूरला १९ तोफांची सलामी ठरवली आणि डुंगरपूर, प्रतापगडला १५, पण तो राजकारणाचा हिशोब झाला, शब्दांचा नव्हे. शब्द वेगळंच काही सांगतात. घराणं कुठे फुटलं आणि फुटताना कोण काय बरोबर घेऊन गेलं, हे त्यांत टिकून आहे.

रावळ म्हणजे राजकुल. मधला ज गळला, क गळला, राउल झालं, ल चा ळ झाला. देवकुलाचं देऊळ झालं, त्याच वाटेने राजकुलाचं राऊळ. आता 'देऊळ' हा शब्द मोठ्याने चालवून बघा: देऊळ, देवळात, देवळाला. ऊ चा व आपल्या जिभेवर आपोआप होतो. राऊळ आणि रावळ यांत तेवढाच फरक आहे. म्हणजे डुंगरपूरच्या राजाची पदवी आणि विठ्ठलाचं राऊळ हा एकच शब्द.

यावर लगेच हरकत येते की राऊळ ही वास्तू आणि रावळ हा माणूस, मग एक शब्द कसा? अहो, आपल्याकडे जुनी माणसं बायकोला 'आमचं कुटुंब' म्हणत. काठेवाडात 'दरबार' म्हणजे गरासदार, जमिनीचा धनी, चालताबोलता माणूस. मोठ्याचं नाव घ्यायचं नसलं की त्याच्या घराचं नाव घ्यायचं, ही आपली जुनी रीत. महानुभाव पंथ ज्यांना ईश्वराचे पाच अवतार मानतो त्या पंचकृष्णांत चांगदेव राऊळ आणि ऋद्धिपूरचे गुंडम राऊळ आहेत. तेराव्या शतकात वऱ्हाडात राऊळ हा आदराचा शब्द होता, आणि त्याच शतकात चितोडला रावळ राज्य करत होते. बद्रीनाथच्या मुख्य पुजाऱ्याला आजही हीच पदवी आहे. राजघर, देवघर आणि त्या घराचा माणूस, तिघांना एकच नाव. कोकणातल्या रवळनाथाची व्युत्पत्ती अनेकांनी अनेक तऱ्हांनी लावली आहे, पण मला तरी तो याच राउळातला वाटतो. ज्यांना पटत नाही त्यांनी आधी त्या नावातल्या ळ चा हिशोब द्यावा.

आता राणा. 'राणीचं पुल्लिंग राणा' हे शाळेच्या व्याकरणात लिंग बदलण्यापुरतं ठीक आहे. राणी आली राज्ञीपासून. प्राकृतात ज्ञ चा ण्ण होतो, आज्ञेची जशी आण झाली. काही जण राणाही थेट राजन्‌च्याच रूपांतून काढतात. मला ते मान्य नाही, कारण शिलालेखांत मधली पायरी धडधडीत कोरलेली आहे: राणक. आणि राणकाच्या मागे राजानक. शेवटचा क लहानपणाचा, म्हणजे राजानक हा छोटा राजा, दुसऱ्या राजाच्या हाताखालचा. काश्मिरात ही मानाची पदवी होती, 'काव्यप्रकाश' लिहिणाऱ्या मम्मटाच्या नावामागे ती लागते, आणि राजदान हे काश्मिरी आडनाव तिच्यातूनच आलं. गुजरातेत धोळक्याचा वाघेला वीरधवल स्वतःला राणक म्हणवतो, कारण डोक्यावर पाटणचा चालुक्य राजा बसलेला आहे.

राजस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या कर्नल टॉडची गोष्ट मात्र लोकांच्या मनातून जात नाही. तो सांगतो की मेवाडच्या राहपाने मंडोरच्या परिहार मोकलला पकडलं, त्याची राणा ही पदवी हिसकावून घेतली आणि स्वतःला लावली. पदवी म्हणजे काय तलवार आहे, एकाच्या कमरेची काढून दुसऱ्याने बांधायला? उमरकोटचे सोढा राणा, पोरबंदरचे जेठवा राणा, गोहदचे जाट राणा. या सगळ्यांनी कुणाची हिसकावली? पदवी सर्वत्र होती, कारण मांडलिक सर्वत्र होते. भाटांनी सांगितलेलं टॉडने जपून ठेवलं हे त्याचं ऋण मोठं आहे, पण शब्दाच्या बाबतीत भाटापेक्षा दगड खरा.

हे मेवाडला लावून बघा. बाराव्या शतकात रणसिंहाच्या वेळी, ज्याला कर्णसिंहही म्हणतात, घराण्याच्या दोन शाखा झाल्या. चितोडची गादी ज्या शाखेकडे राहिली ती रावळ. ज्या शाखेला सिसोदा गावची जहागीर मिळाली ती राणा. थोरल्याकडे राजकुल, धाकट्याकडे राजानक. नावं किती नेमकी पडली आहेत! सिसोदिया हे नावही त्या गावावरूनच.

पुढे १३०३ साली अलाउद्दीन खलजीने चितोड घेतलं आणि रावळ रत्नसिंहाबरोबर तिथली रावळ शाखा संपली. त्याच वेढ्यात सिसोद्याचा राणा लक्ष्मणसिंह आपल्या मुलांसह पडला. त्याचा नातू हम्मीर. परंपरा सांगते की काका अजयसिंहाने मुंजा बालेचा नावाच्या दांडग्याचं डोकं आणायला सांगितलं. स्वतःच्या मुलांना जमलं नाही, पुतण्याने आणून दिलं, तेव्हा काकाने त्याच रक्ताचा टिळा पुतण्याच्या कपाळी लावला. १३२६ च्या सुमारास याच हम्मीरने चितोड परत घेतलं.

आता तो चितोडचा स्वामी. रावळ म्हणवून घ्यायला त्याला कोण अडवणार होतं? पण त्याने राणाच ठेवलं, आणि पुढे कुंभा, सांगा, प्रताप सगळे राणाच राहिले. मागाहून महा लागलं तेही राणालाच. मांडलिकाचा शब्द घरातल्या माणसांनी इतका मोठा केला की आज लोकांना तो महाराजापेक्षा वरचा वाटतो.

का ठेवला असेल? माझं मत असं. मेवाडचा राजा एकलिंगजी, म्हणजे तिथला शंकर, आणि राणा त्याचा दिवाण. ही नुसती भक्तीची भाषा नव्हती, राणांच्या दानपत्रांवर हुकूम 'दीवाणजी'च्या नावाने सुटत. ज्याने स्वतःला देवाचा दिवाण मानलं, त्याला हाताखालच्या माणसाची पदवीच शोभते. राजानक, पण एकलिंगजीचा. यावर मला कुणी सांगितलं की ही भावना नंतरची आहे आणि पदवी आधीची. असेल. पण पदवी घेणं वेगळं आणि शतकानुशतकं न बदलणं वेगळं, मी दुसऱ्याबद्दल बोलतो आहे.

डुंगरपूरचं सांगायचं राहिलं. त्यांचा मूळपुरुष सामंतसिंह थोरल्या रावळ शाखेतला. नाडोलच्या चौहानांनी त्याच्या हातून मेवाड घेतलं, तो वागडात, म्हणजे डुंगरपूर-बांसवाड्याच्या मुलखात, उतरला, आणि मेवाड परत मिळवलं ते त्याच्या धाकट्या भावाने, कुमारसिंहाने. राज्य गेलं, रावळ हे नाव त्याच्याबरोबर गेलं. १५२७ साली बाबराविरुद्ध खानव्याच्या रणात रावळ उदयसिंह पडल्यावर वागडचे दोन भाग झाले, डुंगरपूर आणि बांसवाडा, आणि दोन्हीकडे पदवी रावळच राहिली. म्हणून डुंगरपूरचा महारावळ १५ तोफांचा असला तरी पदवी घराण्यातली जुनी त्याच्याकडे आहे.

आणि रावत! खरं तर हे सगळं मी याच्यासाठी लिहितो आहे. राजपुत्र, राउत्त, राऊत, रावत. राजपूत आणि राऊत हा एकच शब्द आहे. एक झिजून गुळगुळीत झालेला, दुसरा जोडाचा सांधा अजून दिसणारा. आपल्या जुन्या मराठीत राऊत म्हणजे घोडेस्वार, आणि गावोगावच्या राऊत आडनावाच्या माणसांना रजपुतांच्या गोष्टी सांगताना मी हे आवर्जून सांगतो.

मेवाडात हा शब्द चूंडाला लागला. चूंडा राणा लाखाचा थोरला मुलगा. मारवाडच्या रणमलच्या बहिणीचं, हंसाबाईचं नारळ, म्हणजे लग्नाची मागणी, त्याच्यासाठी आलं. लाखा चेष्टेने म्हणाला, आमच्यासारख्या पिकल्या दाढीला कोण नारळ पाठवणार? चूंडाने ते ऐकलं आणि मागे फिरला. जिच्याबद्दल वडिलांनी तसा शब्द काढला, ती आई झाली. लग्न लाखाचं झालं, आणि हंसाबाईचा मुलगा गादीवर बसेल हे वचन चूंडाने दिलं. तो मुलगा मोकल राणा झाला. चूंडा रावत राहिला, त्याचे वंशज सलूंबरचे रावत राहिले, आणि राणाच्या दानपत्रावर चूंडावतांच्या भाल्याची खूण उमटत राहिली. ज्याने राजा व्हायचं नाकारलं, त्याचं घराणं कायमचं 'राजपुत्र'. कुणी म्हणेल, रावत ही अनेक सरदारांची पदवी होती, त्यात चूंडाचं काय विशेष? बरोबर आहे. पण अनेकांना ती मिळाली, चूंडाच्या घराण्यात तिचा अर्थ खरा झाला. प्रतापगडचे महारावत कुंभाचा भाऊ क्षेमकर्ण याच्या वंशातले, म्हणजे तेही गादीबाहेरच्या राजपुत्राचेच.

बुंदीचा 'महारावराजा' तुम्ही विचारला नाहीत, पण राव म्हणजेच राजा. त्या पदवीत राजा दोनदा बसला आहे.

मराठ्यांचा धागा हम्मीरपाशी जोडला जातो. टिळा पुतण्याला गेल्यावर अजयसिंहाचा मुलगा सज्जनसिंह दक्षिणेत उतरला आणि भोसले त्याच्या वंशातले, अशी परंपरा आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी सिसोदिया कुळाचा उल्लेख महत्त्वाचा ठरला. वंशावळ कितपत खरी, यावर इतिहासकारांचं भांडण आहे आणि मी त्यात पडत नाही. मला एवढंच दिसतं की भोसल्यांनी पदवी राजे ही लावली, राणा नाही. पंढरीच्या विठोबाला मात्र आपण राणा म्हटलं, आणि त्याच्या घराला राऊळ.

तेव्हा मराठीत लिहिताना बाप्पा रावळ, महारावळ, ळ घालूनच लिहा.