सहाव्या दिवशी सेंट्रिंग काढू न देणारा मुलगा

कोरेगाव तालुक्यातल्या एका गवंडी मिस्त्रींचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं : "मुलाला बारावी सायन्सला अवघे 61 टक्के पडले. पुण्यात एका संस्थेत सहा महिन्यांचा सेफ्टी ऑफिसरचा कोर्स आहे, फी 1 लाख 20 हजार. पुढे दुबईला नोकरी लावून देतो म्हणतात. पतसंस्थेचं कर्ज काढायची माझी तयारी आहे, पण पोरगं ऐकत नाही, साइटवरच रमतं. (मागच्या दिवाळीआधी मी परांचीवरून पडलो, घोट्यात प्लेट आहे, तेव्हापासून साइट तोच बघतो.) उगाच मालकांशी वाद घालतो. परवा स्लॅब टाकल्यावर सहाव्या दिवशी सेंट्रिंग काढू देईना. माझ्यासारखा जन्म सिमेंटात जाऊ नये त्याचा. त्याला समजावून सांगा."

मिस्त्री, समजावायचं ते तुम्हालाच समजावावं लागणार आहे. राग मानू नका.

टक्के, फी, दुबई हे सगळं तुम्ही ऐसपैस लिहिलंत आणि स्वतः पडलात ते कंसात टाकलंत. पडलात तेव्हा अंगाला सुरक्षा पट्टा होता का, डोक्यावर हेल्मेट होतं का, याबद्दल एक अक्षर नाही. बारावीच्या वर्षात, ऐन दिवाळीपासून, मुलगा बिगाऱ्यांना कामं वाटून मग कॉलेजला जात असणार. घरी आल्यावर तुमचा पाय. त्यात पडलेल्या 61 टक्क्यांना 'अवघे' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता त्या सेंट्रिंगचं, म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत स्लॅबला खालून धरणाऱ्या प्लेटा-टेक्यांचं बघू. मालकाला घाई का असते, तुम्हाला माहीत आहे. प्लेटांचं भाडं दिवसावर चढतं. खरं सांगतो, माझ्या घराचा स्लॅब टाकला तेव्हा मीही मिस्त्रींच्या मागे "काढा की आता" म्हणून लागलो होतो. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्ये, दिवस दिलेले आहेत. स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) साडेचार मीटरपर्यंत, म्हणजे साधारण पंधरा फुटांपर्यंत असेल तर खालचे टेके 7 दिवस ठेवायचे, त्याहून मोठा असेल तर 14. सहा मीटरपर्यंतच्या बीमखाली 14, त्यापुढे 21. हेही साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटचे दिवस. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर आणखी थांबायचं. मुलाने हे पुस्तकात वाचलं की कुणाकडून ऐकलं, मला माहीत नाही. पण पैसे देणाऱ्या मालकासमोर उभं राहून "आज नाही काढायचं" म्हणणं, हेच तर सेफ्टी ऑफिसरचं काम. तेच शिकवायला तुम्ही सव्वा लाख भरणार, आणि पोराने फुकटात केलं तर तो वाद.

तुमच्या मनात दुसरंच काही आहे असं मला वाटतं. 'जन्म सिमेंटात जाऊ नये' हे वाक्य काळजीचं कमी आणि लाजेचं जास्त वाटलं. ओळंबा लावून सरळ भिंत उचलणाऱ्या माणसाने पोरासमोर आपल्या कामाला असं बोलू नये. तुम्हाला भीती पडण्याची आहे, आणि ती रास्त आहे. मग परांची नीट बांधायची की थापीच टाकून द्यायची?

सहा महिन्यांत सेफ्टी ऑफिसर होता येतं, हा गैरसमज सध्या गावोगावी फ्लेक्सवर लटकलेला दिसतो. सर्टिफिकेट मिळेल, छान लॅमिनेट करूनही मिळेल. पण 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याखालच्या नियमांत 500 किंवा जास्त कामगारांच्या साइटवर सुरक्षा अधिकारी नेमायचा, तर त्याच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी आणि बांधकामावरचा 2 वर्षांचा अनुभव, किंवा डिप्लोमा आणि 5 वर्षांचा अनुभव लागतो. त्यावर औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदवी किंवा पदविका. शिवाय साइटवरच्या बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला आली पाहिजे, असंही तिथे लिहिलंय. नव्या श्रम संहितेत ही 500 ची मर्यादा 250 वर आली आहे, म्हणजे माणसं जास्त लागतील. पण नुसत्या बारावीवर कोर्स केलेल्याला कंपन्या फार तर हेल्मेट मोजायला ठेवतात. दुबईच्या नोकरीची हमी तोंडी देतात की कागदावर, तेवढं त्या संस्थेला विचारून बघा.

सीईटीचं मी काही बोलत नाही, ती वाट सगळ्यांना पाठ आहे. तुमच्या मुलासाठी सरळ रस्ता म्हणजे सिव्हिलचा डिप्लोमा. बारावी सायन्सवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे दोनच वर्षं. कराडला शासकीय तंत्रनिकेतन आहे, तुमच्याच जिल्ह्यात. पुढे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, किंवा मोठ्या साइटवर अनुभव घेऊन औद्योगिक सुरक्षेची पदविका करता येते. साइट सुटणार नाही त्याची. सुट्टीत तुमच्याकडेच येईल, त्यातलं त्याला काय आवडतं ते तेव्हा ठरवू दे.

कर्जाआधी मात्र एक काम तुमचं स्वतःचं. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात तुमची नोंदणी आहे का? पत्रावरून नसावी. वय 18 ते 60 आणि मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला, एवढंच लागतं. दाखला ठेकेदाराचा चालतो, ग्रामसेवकाचाही चालतो. एजंटाला एक रुपया देऊ नका. पायामुळे 90 दिवस भरत नसतील तर भरले की लगेच करा, खोटा दाखला आणू नका. नोंदणी असेल तर पहिल्या दोन मुलांना डिप्लोमासाठी वर्षाला 20 हजार, इंजिनिअरिंगच्या पदवीला 60 हजार मिळतात. सुरक्षा साहित्याची पेटीही मिळते. काही घरांत त्या पेटीत ज्वारी ठेवतात आणि हेल्मेट पोरं क्रिकेटला नेतात, तसं करू नका.

आणि पट्टा वापरायला लागाल तेव्हा हुक परांचीच्या बांबूला अडकवू नका. परांची गेली तर पट्ट्यासकट माणूस जातो. कमरेच्या वर, पक्क्या कॉलमला किंवा वेगळ्या दोराला अडकवायचा. तुमच्या मुलाला हे माहीत असेल. त्याच्याकडूनच शिका, लाजू नका.

पुढचं पत्र त्याला लिहू द्या. त्या स्लॅबचे टेके शेवटी कितव्या दिवशी निघाले, तेवढं त्यात लिहायला सांगा.