वाचकांचे प्रश्न : कंटेनरची सुरक्षा-तपासणी आणि ‘शून्य नोंदीं’चा आग्रह

सॉफ्टवेअर कंटेनरच्या (प्रोग्राम आणि त्याला लागणारे घटक एकत्र बांधलेल्या पेटीच्या) सुरक्षा-तपासणीविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातील अडचण अनेक लहान कंपन्यांना भेडसावणारी असल्याने त्याला सर्वाधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आमची लहान कंपनी एका ग्राहकासाठी पायथनमध्ये लिहिलेली सेवा कंटेनर इमेजच्या (कंटेनर ज्यावरून सुरू होतो त्या तयार साच्याच्या) स्वरूपात पुरवते. इमेज डेबियन १२ या लिनक्स वितरणावर आधारलेली आहे. ग्राहकाच्या सुरक्षा विभागाने ट्रिव्ही हा स्कॅनर वापरून तपासणी केली, शेकडो नोंदींचा अहवाल आम्हाला पाठवला आणि ‘क्रिटिकल’ व ‘हाय’ या वर्गांतील एकही नोंद उरता कामा नये, अन्यथा बिल मंजूर होणार नाही, असे कळवले. यांपैकी बऱ्याच नोंदींना दुरुस्तीच उपलब्ध नाही. झेडलिब या माहिती संकुचित करणाऱ्या ग्रंथालयाची (लायब्ररीची) एक ‘क्रिटिकल’ नोंद तर इमेज कितीही वेळा नव्याने बांधली तरी जात नाही. आम्ही काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : स्कॅनर नेमके काय करतो हे आधी पाहू, कारण तुमचा आणि ग्राहकाचा वाद तिथेच अडला आहे. ट्रिव्ही, ग्राइप, क्लेअर यांसारखी साधने इमेजमधील प्रोग्राम चालवून पाहत नाहीत. ती इमेजचे थर उलगडतात, डेबियन असेल तर डीपीकेजी या पॅकेज व्यवस्थापकाची आणि अल्पाइन हे दुसरे लिनक्स वितरण असेल तर एपीकेची नोंदवही वाचतात, पायथन, नोड किंवा जावाच्या पॅकेजांची माहिती गोळा करतात, आणि अशा रीतीने मिळालेली नाव-आवृत्तीची प्रत्येक जोडी ज्ञात सुरक्षात्रुटींच्या यादीशी ताडून पाहतात. दुकानात आलेला तपासनीस डब्यावरची तारीख वाचतो, डबा उघडून आतला जिन्नस चाखत नाही, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे अहवालातील नोंदीचा अर्थ ‘या नावाचे आणि या आवृत्तीचे पॅकेज यादीत सापडले’ एवढाच असतो. ती त्रुटी तुमच्या सेवेत वापरून कोणी आत शिरू शकेल की नाही, हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर माणसालाच शोधावे लागते.

तुमची न जाणारी नोंद बहुधा सीव्हीई-२०२३-४५८५३ ही असावी (सीव्हीई म्हणजे ज्ञात त्रुटीला दिलेला ओळखक्रमांक). डेबियन १२ वर बांधलेल्या असंख्य इमेजमध्ये ती दिसते आणि तिचा गुणांक १० पैकी ९.८ आहे. ही त्रुटी झेडलिबच्या मूळ ग्रंथालयात नसून त्याच्या स्रोतसंचासोबत येणाऱ्या ‘मिनिझिप’ या जोडभागात आहे. डेबियन १२ मध्ये झेडलिबचे पॅकेज तयार करताना मिनिझिप बांधलेच जात नाही, आणि म्हणूनच डेबियनच्या सुरक्षा-नोंदींत या आवृत्तीसाठी तिच्यावर दुर्लक्षाचा शेरा आहे. स्कॅनरला मात्र स्रोत-पॅकेजचे नाव आणि आवृत्ती जुळलेली दिसते, म्हणून तो नोंद दाखवत राहतो. थोडक्यात, ज्या कोडमध्ये दोष आहे तो कोड डेबियनच्या त्या पॅकेजमधून तुमच्या इमेजमध्ये आलेलाच नाही. तरीही एक गोष्ट तपासूनच ग्राहकाला उत्तर द्यावे. पायथनचे ‘पायमिनिझिप’ हे पॅकेज तोच दोष असलेले झेडलिब स्वतःसोबत घेऊन येते आणि मिनिझिपचा कोड प्रत्यक्ष वापरते, असे त्या सीव्हीईच्या वर्णनातच म्हटले आहे. ते तुमच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये असेल, तर धोका खरा आहे आणि ते पॅकेज काढायला हवे.

एका नोंदीची अशी चौकशी शक्य असते, शेकडो नोंदींची नसते. म्हणून क्रम लावावा लागतो, आणि केवळ सीव्हीएसएस या तीव्रतेच्या गुणांकावर लावलेला क्रम फसवा ठरतो. ‘फर्स्ट’ या संस्थेने जोपासलेल्या या पद्धतीतील मूळ गुणांक त्रुटीची अंगभूत तीव्रता सांगतो. तुमची सेवा इंटरनेटवर उघडी आहे की आतल्या जाळ्यात आहे, हे त्याला ठाऊक नसते. त्याच्या जोडीला दोन आधार घ्यावेत. अमेरिकेची सिसा ही सरकारी संस्था नोव्हेंबर २०२१ पासून प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींची यादी प्रसिद्ध करत आहे. त्या यादीतील त्रुटी तुमच्या इमेजमध्ये आढळली, तर हातातले काम बाजूला ठेवून ती आधी दुरुस्त करावी. दुसरा आधार ‘फर्स्ट’च्याच ईपीएसएस या अंदाजाचा असून पुढील ३० दिवसांत एखादी त्रुटी वापरली जाण्याची शक्यता तो वर्तवतो. त्यानंतर दुरुस्ती उपलब्ध असलेल्या आणि बाहेरून येणारी माहिती हाताळणाऱ्या पॅकेजांतील नोंदी घ्याव्यात. उरलेल्या नोंदी ठरावीक काळाने बेस इमेज (आपली इमेज जिच्यावर उभी असते ती) ताजी घेऊन केलेल्या नव्या बिल्डमध्ये आपोआप कमी होत जातात.

ज्या नोंदींना दुरुस्ती उपलब्ध आहे त्यांच्या बाबतीत मात्र ग्राहकाचे म्हणणे रास्त आहे, आणि तिथे कोणतीही सबब सांगू नये. कित्येकदा जुनी बेस इमेज कॅशमधूनच उचलली जात असते आणि बिल्ड नवे असले तरी आतली पॅकेजे जुनीच राहतात. त्यामुळे बिल्ड करताना बेस इमेज नव्याने ओढली जाते आहे आणि पॅकेजे बसवण्याचा टप्पा कॅशमधून येत नाही, याची खात्री करा.

दुरुस्ती नसलेल्या नोंदींसाठी ग्राहकाला व्हेक्स (त्रुटी आपल्या उत्पादनाला लागू आहे की नाही हे सांगणाऱ्या) स्वरूपातील निवेदन द्यावे. बाधित नाही, बाधित आहे, दुरुस्त झाले, तपास चालू आहे, अशा चार अवस्था त्यात असतात, आणि ‘बाधित नाही’ म्हणताना कारण द्यायचे असते. झेडलिबच्या बाबतीत ‘दोषयुक्त कोड अस्तित्वात नाही’ हे ते कारण. ट्रिव्ही अशी निवेदने वाचू शकतो. केवळ वगळणी-फाइल वापरायची असेल, तर प्रत्येक नोंदीशेजारी कारण लिहावे आणि मुदतीची तारीख घालावी. ट्रिव्हीत तशी सोय आहे, आणि मुदत संपली की नोंद पुन्हा अहवालात येते व फेरविचार टाळता येत नाही.

करार नव्याने करण्याची संधी मिळाली, तर ‘शून्य नोंदी’ हे कलम बदलून ‘दुरुस्ती उपलब्ध झाल्यापासून ठरलेल्या दिवसांत नवी इमेज’ असे कलम घाला. शून्याचा आग्रह माझ्या मते घातक आहे. बिल अडण्याच्या भीतीखाली काम करणारी माणसे त्रुटी दुरुस्त करण्यापेक्षा अहवालातून नोंद घालवण्याचे मार्ग शोधू लागतात, आणि असे मार्ग आहेत. त्यांतील एक चौथ्या उत्तरात आला आहे.

प्रश्न : एकाच इमेजवर दोन स्कॅनर चालवले असता नोंदींची संख्या वेगळी येते. खरे कोणते मानायचे? (एक वाचक, बंगळूरु)

उत्तर : फरकाचे मुख्य कारण दोघांनी वापरलेल्या याद्या वेगळ्या असणे हे होय. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेचा एनव्हीडी हा साठा मूळ सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांवरून बोलतो, तर डेबियन, रेड हॅट किंवा अल्पाइन यांच्या स्वतःच्या याद्या त्यांनी पुरवलेल्या पॅकेजांवरून बोलतात. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेल्या हार्टब्लीडचे उदाहरण पाहा. ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या ग्रंथालयाच्या मूळ प्रकल्पाने ती त्रुटी १.०.१जी या आवृत्तीत दुरुस्त केली. डेबियनने मात्र आपल्या तेव्हाच्या स्थिर आवृत्तीत १.०.१ई हेच पॅकेज ठेवून त्यात केवळ दुरुस्ती घातली आणि पॅकेज-क्रमांकाचे शेपूट बदलून ‘डेब७यू५’ केले. नुसता १.०.१ई हा भाग वाचणारा स्कॅनर त्या पॅकेजला सदोष ठरवील. शेपूट वाचून डेबियनची यादी पाहणारा त्याला निर्दोष ठरवील, आणि बरोबर तोच असेल. म्हणून लिनक्स वितरणातून आलेल्या पॅकेजांसाठी त्या वितरणाचाच शब्द प्रमाण मानावा.

याशिवाय फेब्रुवारी २०२४ पासून एनव्हीडीकडून नव्या नोंदींचे विश्लेषण मंदावले आणि मोठा अनुशेष साचला, त्यामुळे केवळ त्याच साठ्यावर विसंबणारी साधने मागे पडली. मोजण्याची रीतही निराळी असते. एकच सीव्हीई एका स्रोतातून बनलेल्या चार पॅकेजांना लागू असेल, तर कोणी ती एकदा मोजतो, कोणी चारदा. एक स्कॅनर निवडावा, तो कोणत्या याद्या वापरतो हे जाणून घ्यावे आणि काळानुसार होणारा बदल त्याच्याच मोजमापात पाहावा. शंकास्पद नोंदीपुरता दुसरा चालवून पाहण्यास हरकत नाही.

प्रश्न : आमच्या पाइपलाइनमध्ये बिल्डच्या वेळी तपासणी होते आणि ती उत्तीर्ण झाल्याशिवाय इमेज पुढे जात नाही. तरीही प्रॉडक्शनमधील इमेज पुन्हा पुन्हा तपासावी लागते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : होय, आणि रोज तपासावी. इमेज एकदा बांधली की बदलत नाही; यादी मात्र रोज बदलते. लॉग४जे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या ग्रंथालयातील सीव्हीई-२०२१-४४२२८ ही त्रुटी २०१३ मध्ये आलेल्या एका बीटा आवृत्तीपासून त्या ग्रंथालयात होती आणि डिसेंबर २०२१ मध्ये उघड झाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बांधलेली जावाची इमेज या त्रुटीपुरती प्रत्येक तपासणीत उत्तीर्ण झाली असती आणि महिन्याभरात तीच इमेज १० पैकी १० गुणांकाच्या त्रुटीसह उघडी पडली असती, मधल्या काळात तिच्यातील एकही बाइट न बदलता. त्या दिवसांत अनेक संस्थांची खरी अडचण लॉग४जे आपल्याकडे नेमके कुठे कुठे आहे हे न कळण्याची होती, कारण ते जारच्या (जावाच्या गठ्ठा-फाइलच्या) आत दडलेल्या दुसऱ्या जारमध्ये असे.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक बिल्डबरोबर इमेजमधील घटकांची यादी, म्हणजे एसबीओएम, तयार करून जपून ठेवणे. सिफ्टसारखे साधन ती एसपीडीएक्स किंवा सायक्लोनडीएक्स या स्वरूपांत देते आणि नवी त्रुटी जाहीर झाली की रजिस्ट्रीतील (इमेजच्या साठ्यातील) इमेज पुन्हा न उलगडता या याद्यांवरच शोध घेता येतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये एसबीओएमविषयी तांत्रिक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत, आणि सेबीच्या ऑगस्ट २०२४ मधील सायबर सुरक्षा चौकटीतही एसबीओएमचा समावेश आहे. त्यामुळे शेअर बाजाराशी संबंधित संस्थांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांकडे ही यादी मागितली जाईल, असे धरूनच चालावे.

प्रश्न : अल्पाइन किंवा डिस्ट्रोलेस (केवळ प्रोग्रामला लागणारे घटक ठेवलेली) इमेज वापरली की अहवाल जवळजवळ कोरा येतो. मग सर्वांनी तेच का करू नये? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जिथे जमेल तिथे जरूर करावे. इमेजमध्ये शेल नसेल, पॅकेज व्यवस्थापक नसेल, कंपायलर नसेल, तर आत शिरलेल्या हल्लेखोराच्या हाती फारसे काही लागत नाही; हा फायदा अहवालातील आकड्यापेक्षा मोठा आहे. डॉकरमध्ये २०१७ पासून मल्टी-स्टेज बिल्डची सोय आहे. पहिल्या टप्प्यात सारी अवजारे वापरून प्रोग्राम बांधावा आणि दुसऱ्या टप्प्यात फक्त तयार वस्तू उचलावी. अल्पाइनमध्ये जीलिबसीऐवजी मसल हे सी ग्रंथालय असते, म्हणून पायथनच्या काही पॅकेजांची तयार बांधणी त्यावर मिळत नाही आणि ती स्रोतापासून बांधावी लागतात. तुमचा प्रकल्प अशा पॅकेजांवर उभा असेल, तर डेबियनची ‘स्लिम’ इमेज अधिक सोयीची पडेल.

कोऱ्या अहवालाचे एक कारण मात्र चिंताजनक असते. स्कॅनर पॅकेजांची नोंदवही वाचतो हे वर सांगितलेच आहे. इमेज लहान करण्याच्या नावाखाली कोणी ती नोंदवहीच पुसून टाकली, तर सदोष ग्रंथालये जागच्या जागी राहतात आणि अहवाल स्वच्छ येतो. संकेतस्थळावरून थेट उतरवून इमेजमध्ये ठेवलेल्या बायनरीही अनेकदा अशाच नजरेआड राहतात; गो भाषेतील बायनरींमध्ये मॉड्यूलची यादी सहसा अंतर्भूत असते, म्हणून त्या ओळखता येतात, पण सीमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामबाबत ती खात्री नसते. म्हणून अहवाल कोरा आला की स्कॅनरला एकूण किती पॅकेजे दिसली हे आधी पाहावे. याच संदर्भात आणखी एक सूचना : एका थरात ठेवलेली पासवर्डची फाइल पुढच्या थरात पुसली, तरी ती आधीच्या थरात तशीच असते आणि इमेज उतरवणारा कोणीही ती बाहेर काढू शकतो.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. तपासणी नीट केली आणि काहीही सापडले नाही, तर कंटेनर सुरक्षित आहे असे म्हणता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. तपासणी फक्त ज्ञात त्रुटींची होते. २०२४ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये आलेल्या एक्सझेड या फाइल संकुचित करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत जाणूनबुजून चोरवाट घातलेली होती. २९ मार्च रोजी आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या विकासकाने ती उघड केली. एसएसएच या दूरस्थ प्रवेशाच्या सोयीने लॉगिन होण्यास अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा छडा लावताना ती त्याच्या हाती लागली होती. त्या दिवसापर्यंत या चोरवाटेची कोणत्याही यादीत नोंद नव्हती, म्हणून ती दाखवणे कोणत्याही स्कॅनरला शक्य नव्हते.

दुसरी मर्यादा अशी की, इमेजची तपासणी इमेजपुरतीच असते. कंटेनर ज्या यंत्रावर चालतो त्याचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि कंटेनर सुरू करणारा रनसी हा प्रोग्राम इमेजच्या बाहेर असतात. २०१९ मधील सीव्हीई-२०१९-५७३६ आणि जानेवारी २०२४ मधील सीव्हीई-२०२४-२१६२६ या दोन्ही त्रुटी रनसीमधल्या होत्या आणि दोन्हींमुळे कंटेनरच्या आतून यजमान यंत्रावर पोहोचता येत होते. अशा यंत्रावर तुमच्या इमेजचा अहवाल कितीही स्वच्छ असला, तरी त्याचा उपयोग नव्हता. दुसरी त्रुटी रनसी १.१.१२ मध्ये दुरुस्त झाली. तेव्हा प्रयोगशाळेतील यंत्रांवर रनसीची कोणती आवृत्ती आहे हे पाहण्यापासून सुरुवात करा. वितरणाने पुरवलेले पॅकेज असेल, तर दुसऱ्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे त्या क्रमांकाचे शेपूटही वाचा.