रीबॉक फ्रीस्टाइल हा खास बायकांसाठी बनलेला पहिला स्पोर्ट्स शू आहे का? जळगावात झुंबा क्लाससाठी घ्यावा का?
हो, १९८२ साली आलेला फ्रीस्टाइल हा खास बायकांसाठी घडवलेला पहिला स्पोर्ट्स शू मानला जातो, आणि झुंबासाठी जरूर घ्या. त्याआधी बायकांच्या वाट्याला बहुधा पुरुषांच्याच बुटांची लहान मापं यायची. अमेरिकेत एरोबिक्सची लाट आली, तेव्हा रीबॉकने त्या नाचऱ्या व्यायामासाठी मऊ, कपड्यासारखं चामडं वापरलं. पुढच्या भागावर पडणाऱ्या सुरकुत्या हीच त्याची ओळख झाली. घोट्यावर दोन वेल्क्रो पट्ट्या असलेला उंच प्रकार न्यूयॉर्कमध्ये करासकट ५४.११ डॉलरला पडायचा, म्हणून तिथे त्याचं नावच 'फिफ्टी-फोर इलेव्हन' पडलं. १९८५च्या एमी या अमेरिकी टीव्ही पुरस्कारांच्या सोहळ्यात अभिनेत्री सिबिल शेफर्ड काळ्या गाऊनखाली नारिंगी फ्रीस्टाइल घालून आली. उंच टाचांच्या त्या गर्दीत हे धाडसच, मला तर फार आवडतं. फक्त मेहरूण तलावाभोवती रोज धावणार असाल तर धावण्याचे वेगळे बूट घ्या. याची घडण हॉलमधल्या सपाट फरशीसाठी आहे. शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात चामड्यात पाय उकडतात, सुती मोजे घालाच.