लॅबमधला एलजे चार्ट आणि डेटा अॅनालिस्टची नोकरी

‘डेटा अॅनालिटिक्समध्ये जायचंय, पण माझं गणित बेताचं, कोडिंग कधी केलेलं नाही, आणि वयही वाढत चाललंय. आता जमेल का?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सल्ला विचारायला शिक्षक येतात, बँकेतले येतात, गोदाम सांभाळणारे येतात. शब्द वेगळे, घोर तोच. इथे सांगतेय ती हकीकत एका लॅब टेक्निशियन बाईंची आहे. त्यांच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 36, पॅथॉलॉजी लॅबमध्ये बारा-तेरा वर्षं नोकरी. पहिल्या भेटीलाच त्यांनी प्रमाणपत्रांची फाइल समोर ठेवली. एक्सेल, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), पायथन (प्रोग्रामिंगची भाषा), पॉवर बीआय, टॅब्लो, मशीन लर्निंगची तोंडओळख. सगळे कोर्स ड्यूटी संपल्यावर रात्री जागून केलेले. शिवाय दोन प्रोजेक्ट होते. एकात टायटॅनिकवरचे कोणते प्रवासी वाचले असते याचा अंदाज, दुसऱ्यात आयरिसच्या फुलांचं वर्गीकरण. फुलांचा तो डेटा रोनाल्ड फिशर यांच्या 1936 सालच्या लेखामुळे प्रसिद्ध झाला. हात बसवायला तो छान आहे, पण अर्ज चाळणाऱ्या माणसाने तो इतक्यांदा पाहिलेला असतो की नजर तिथे थांबतच नाही. यांचंही तेच होत होतं. अर्ज जायचा, उत्तर यायचं नाही, आणि मग त्यांना वाटायचं, अजून एखादा कोर्स कमी पडतोय.

मी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, “लॅबमध्ये सकाळी गेल्यावर पहिलं काम काय करता?”

“काही विशेष नाही हो. कंट्रोल लावतो.”

“मला काही माहीत नाही असं समजून सांगा.”

मग त्या बोलायला लागल्या. रुग्णांची सॅम्पल्स मशीनवर घेण्याआधी कंट्रोल, म्हणजे मशीन तपासायचा नमुना, लावायचं. त्याची अपेक्षित किंमत आधीच ठाऊक असते. मशीनने दिलेला आकडा एलजे चार्टवर टाकायचा. मधोमध सरासरीची रेषा, तिच्या वर-खाली एक, दोन, तीन एसडीच्या रेषा. एसडी म्हणजे प्रमाण विचलन, आकडे सरासरीपासून साधारण किती पसरतात त्याचं माप. आकडा दोन एसडीच्या बाहेर गेला तर सावध व्हायचं, तीनच्या बाहेर गेला तर रन, म्हणजे तपासणीची ती फेरी, रिजेक्ट. लागोपाठ दोन आकडे एकाच बाजूला दोनच्या पलीकडे गेले तरी रिजेक्ट. “आणि सलग दहा आकडे सरासरीच्या एकाच बाजूला पडले ना, तर ते सगळे मर्यादेत असले तरी मी मशीन सोडत नाही. काहीतरी सरकलेलं असतं. रिएजंटचा, म्हणजे तपासणीच्या रसायनाचा, लॉट बदललेला असतो, नाहीतर कॅलिब्रेशन हललेलं असतं.”

“हे तुम्ही रोज करता?”

“रोज. न करून सांगते कुणाला!”

एलजे म्हणजे लेवी आणि जेनिंग्ज. ही पद्धत त्यांनी 1950 साली मांडली. बाई सांगत होत्या ते नियम वेस्टगार्ड यांनी 1981 साली मांडलेल्या संचातले. ‘गणित येत नाही’ म्हणणारी ही व्यक्ती बारा वर्षं प्रमाण विचलनाच्या भरवशावर रुग्णांचे रिपोर्ट सोडत होती. मी तसं म्हटल्यावर त्या थोड्या वैतागल्याच. “अहो, पण ते लॅबचं काम आहे. डेटा अॅनालिटिक्स वेगळं.” माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं घोडं नेमकं इथेच अडतं. आपल्या कामात आकड्यांशी आपण काय करतो, हे त्यांना दिसत नाही, कारण ते करायला कुणी लॅपटॉप आणि इंग्रजी पदनाम दिलेलं नसतं.

मी आणखी एक विचारलं: पोटॅशियम एकदम खूप वाढलेलं आलं तर? उत्तर तयार होतं. आधी सॅम्पल हेमोलाइज झालंय का ते बघायचं, कारण फुटलेल्या लाल पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं. पोटॅशियम भरमसाट आणि कॅल्शियम मात्र खूप कमी असेल, तर ईडीटीएच्या (रक्त गोठू नये म्हणून घालायच्या रसायनाच्या) ट्यूबमधलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये मिसळलंय का अशी शंका घ्यायची. आकडा खरा की तो गोळा करतानाच बिघडला, हा प्रश्न अॅनालिस्टच्या कामात पदोपदी येतो, आणि निव्वळ कोर्स करून आलेल्यांना तोच सुचत नाही. समोर आलेला रकाना ते खरा धरून चालतात.

तेव्हा माझं म्हणणं असं होतं की नवे कोर्स आता थांबवा आणि लॅबच्या डेटावर काम करणारी अॅनालिस्ट म्हणून अर्ज करा. टायटॅनिकच्या डेटासमोर त्या आणि बावीस वर्षांचा इंजिनीअर सारखेच नवखे, उलट तो टायपिंगला जलद. रक्ताच्या रिपोर्टसमोर मात्र तो त्यांना गाठू शकत नाही.

त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं, आपल्याच लॅबचा डेटा वापरावा. मी सक्त नको म्हटलं. रुग्णांचा डेटा आपला नसतो. नावं पुसली तरी नसतो. मुलाखतीत तो दाखवणारा उमेदवार उद्या आमचाही डेटा बाहेर नेईल, असंच समोरचा समजणार.

त्याऐवजी आम्ही एनहेन्स निवडला. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी संस्थेचं हे आरोग्य आणि पोषणाचं सर्वेक्षण. हजारो लोकांच्या रक्ततपासण्या त्यात आहेत, आणि तो कुणालाही मोफत उतरवून घेता येतो. वय-लिंगाची फाइल वेगळी, प्रत्येक तपासणीची वेगळी, आणि त्या जोडायला प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक. म्हणजे एसक्यूएलमधल्या जॉइनचा सराव आपोआप होतो. प्रश्न त्यांनीच ठरवला: हिमोग्लोबिन मर्यादेत आहे, पण फेरिटिन कमी, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपत आलाय, अशा स्त्रियांचं प्रमाण किती? अंगात दाह (इन्फ्लमेशन) असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून दाह दाखवणारी सीआरपी ही तपासणीही बघायला हवी, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. 2015-16च्या फेरीत दोन्ही तपासण्या असल्याने तीच फेरी घेतली.

पुढचे दोन महिने मजेत गेले असं म्हणवत नाही. फायली एक्सपीटी नावाच्या जुन्या साच्यात असतात. त्या पायथनच्या पांडास लायब्ररीने उघडून एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये टाकण्यातच बराच वेळ गेला. पहिल्या जॉइनमध्ये कितीतरी माणसं गायब झाली, कारण मुलाखत दिलेल्या सगळ्यांनीच रक्त दिलेलं नव्हतं. तिथे इनर आणि लेफ्ट जॉइनमधला फरक कळला (इनरमध्ये दोन्ही फायलींत असलेलेच उरतात, लेफ्टमध्ये पहिल्या फाइलमधले सगळे), तो आता विसरणं शक्य नाही. वयाच्या आलेखात 80 वर अचानक सुळका उभा राहिला, कारण 80 आणि त्यापुढचे सगळे 80 म्हणूनच नोंदवलेले असतात. आणि सीआरपीच्या रकान्यात पुष्कळ लोकांची एकच नेमकी किंमत दिसली तेव्हा त्यांनी मला फोन केला. “हे मशीनच्या डिटेक्शन लिमिटच्या खालचे असणार, बघा.” तसंच होतं. मशीनला मोजता येणाऱ्या किमान मर्यादेखालच्या निकालांच्या जागी ती मर्यादा भागिले 2चं वर्गमूळ इतका आकडा भरलेला असतो. माहितीपत्रकात ते लिहिलंय, पण ते वाचण्याआधीच त्यांनी ओळखलं होतं.

अडल्या त्या वेट्सपाशी, म्हणजे प्रत्येक व्यक्तीला द्यायच्या भारांकापाशी. या सर्वेक्षणात काही गट मुद्दाम जास्त प्रमाणात घेतलेले असतात, त्यामुळे नुसती टक्केवारी काढून ती देशाची म्हणता येत नाही. ते समजायला त्यांना संख्याशास्त्राचं पुस्तक उघडावं लागलं. त्या वेळी ‘गणित कच्चं आहे’ ही तक्रार खरी होती. पण आता पुस्तकात काय शोधायचंय हे त्यांना माहीत होतं.

गणित किती लागतं, असं सगळेच विचारतात. सुरुवातीच्या बहुतेक कामांना सरासरी, मध्यक, टक्केवारी, विचलन, वितरणाचा आकार आणि सहसंबंध एवढं नीट कळलं तर चालतं, रिग्रेशन नंतर. एसक्यूएलमध्ये ग्रुप बाय, जॉइन आणि विंडो फंक्शन न अडखळता लिहिता यायला हवं. मशीन लर्निंगच्या कोर्सचा आग्रह पहिल्या नोकरीसाठी मला अनाठायी वाटतो. तो विकणाऱ्यांच्या सोयीचा जास्त आहे. आणि ‘एआय सगळं एसक्यूएल लिहून देईल मग मी कशाला’ या भीतीबद्दल एवढंच की एआय क्वेरी लिहून देतं, चालतेही ती. पण इनर जॉइनने गळलेली माणसं गळली आहेत हे बघायला कुणीतरी लागतं.

एक गोष्ट मी पहिल्याच महिन्यात विचारली होती: लॅबमध्ये नेमका कशाचा कंटाळा आलाय? कंटाळा वरिष्ठांचा असेल तर नोकरी बदलावी, क्षेत्र कशाला? त्यांना रात्रपाळी नको होती आणि आकड्यांमागची कारणं शोधायला वेळ हवा होता. दुसरं कारण ऐकून मी पुढे गेले. दिवसभर एकटीने स्क्रीनसमोर बसणं झेपत नाही म्हणून परत फिरलेलेही मी पाहिलेत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

रिझ्युमेवरून टायटॅनिक आणि फुलं गेली. वर आलं ते कंट्रोलचं काम, साध्या भाषेत: रोजच्या आकड्यांमधला बदल ओळखणं, कारण शोधणं, रन थांबवण्याचा निर्णय घेणं. अर्ज गेले ते निदान उपकरणं बनवणाऱ्या आणि लॅबसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्यांकडे. मुलाखतीत फेरिटिनच्या प्रोजेक्टवर बराच वेळ गेला आणि सगळ्यात जास्त प्रश्न सीआरपीच्या त्या सारख्या किमतीच्या गठ्ठ्यावर आले.

नोकरी लागली ती लॅबच्या सॉफ्टवेअर कंपनीत, डेटा क्वालिटीच्या कामाला. पदात ‘अॅनालिस्ट’ शब्द आहे, पगार जुन्याइतकाच. घरी यावरून थोडी कुरबूर झाली, कारण एवढा खटाटोप पगार वाढेल म्हणूनच चाललाय असं सगळ्यांनी धरलं होतं. पहिल्या बदलात पगार वाढेलच असं मी कुणालाही सांगत नाही, त्यांनाही सांगितलं नव्हतं. रात्रपाळी मात्र संपली.

परवा त्यांचा फोन आला. पायथनचा मोठा कोर्स घ्यावा का, सवलत संपायला आलीय. मी विचारलं, सध्या कामात एसक्यूएलने कुठे अडतंय? त्या थोडा वेळ आठवत राहिल्या आणि म्हणाल्या, तसं अजून कुठे नाही.