फ्रीज-ड्राय केल्यावर कँडी एवढी कुरकुरीत का होते आणि तिची चव वेगळी का लागते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोळी तीच, साखर तीच, मग फ्रीज-ड्राय केल्यावर चिवट गोळी फुगून कुरकुरीत कशी होते, चव एवढी तीव्र का लागते, वरून काही मिसळतात का, आणि पाकीट फोडल्यावर थोड्याच वेळात ती चिकट का होते?

वरून काहीही मिसळावं लागत नाही. गेली तीन वर्षं मी घरच्या लहान फ्रीज-ड्रायरमध्ये वेगवेगळ्या कँडीचे घाणे काढतेय. कुठल्याही घाण्यात मूळ गोळीशिवाय दुसरं काही नसतं. गोंधळ होतो तो नावामुळे. ‘फ्रीज-ड्राय’ म्हटलं की आपण गोठण्याचा विचार करतो, आणि कँडीच्या बाबतीत गोठण्याचा भाग जवळजवळ नसतोच.

खरं फ्रीज-ड्रायिंग स्ट्रॉबेरीच्या फोडीचं होतं. तिच्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते आधी गोठवायचं, मग पंपाने डब्यातली हवा काढून दाब ६.१ मिलिबारच्या बराच खाली न्यायचा. या दाबाखाली पाणी द्रवरूपात राहू शकत नाही, त्यामुळे बर्फाची थेट वाफ होते. शाळेत आपण याला संप्लवन म्हणायचो. डांबराच्या गोळ्या कपाटात हळूहळू झिजतात, तेच. बर्फाचे कण उडून गेले की त्यांच्या जागी पोकळ्या राहतात, पण फोडीचा सांगाडा जागेवरून हलत नाही. म्हणून वाळलेली स्ट्रॉबेरी जवळजवळ मूळ आकाराचीच दिसते. आइस्क्रीमचंही असंच होतं.

कँडी मात्र यंत्रातून दुप्पट-तिप्पट होऊन बाहेर येते. इथेच लक्षात यायला हवं की आत काहीतरी वेगळं घडतंय.

कँडीत पाणी मुळातच कमी असतं. कडक गोळीत दोन-तीन टक्के, मऊ चघळायच्या टॉफीत आठ-दहा टक्के, जेलाटिनच्या गमीत अठरा-वीस टक्के. हे पाणी साखरेच्या दाट पाकात एवढं गुंतलेलं असतं की घरच्या फ्रीझरमध्ये कितीही ठेवलं तरी त्याचा धड बर्फ होत नाही. मग संप्लवन कशाचं होणार? त्यामुळे कँडी करणारे उलट काम करतात. गोठवायचं सोडून ट्रे ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत गरम करतात आणि त्याच वेळी पंप चालू करतात. उष्णतेने पाक मऊ पडतो, त्यातल्या पाण्याची वाफ व्हायला लागते, आणि बाहेरून दाबून धरणारी हवा तर निघून गेलेली असते. एरवी आपल्या भोवती १०१३ मिलिबारचा दाब असतो, यंत्रात तो १ मिलिबारच्याही खाली जातो. आत अडकलेला हवेचा बारीकसा बुडबुडाही मग हातपाय पसरतो.

माझ्या यंत्राच्या दाराला काच आहे. पहिल्यांदा स्किटल्स (रंगीत कवचाच्या चघळायच्या फळांच्या गोळ्या) ठेवल्या तेव्हा मी तिथेच खुर्ची टाकून बसले होते. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एका गोळीच्या रंगीत कवचाला कंबरेपाशी चीर गेली आणि तिच्यातून फिकट फेस हळूहळू वर आला, मक्याची लाही उमलते तसा, पण अगदी संथपणे. कवचाचा अर्धा भाग टोपीसारखा वर चढून बसला. पाठोपाठ शेजारची, मग सगळा ट्रे. रंग फिका का झाला, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. रंग उडालेला नसतो. पाक बुडबुड्यांनी भरला की प्रकाश विखुरतो आणि आपल्याला तो पांढुरका दिसतो.

फुगणं समजलं, पण फुगलेलं तसंच राहतं कसं? याचं उत्तर मला एका बिघडलेल्या घाण्याने शिकवलं. टॉफीचे तुकडे छान फुगलेले पाहून मी घाईने पंप बंद केला आणि झडप उघडून हवा आत सोडली. डोळ्यांदेखत सगळे तुकडे चपटे झाले. आत ओल होती, ट्रे गरम होता, बुडबुड्यांच्या भिंती अजून मऊच होत्या. बाहेरच्या हवेचा भार त्यांना पेलला नाही. पुढच्या वेळी पाणी पूर्ण जाऊ दिलं, ट्रे निवू दिला आणि मगच हवा सोडली. एकही तुकडा बसला नाही.

पाणी गेलं की पाकाचं रूपांतर काचेत होतं, आणि सगळ्या बदलाचं मूळ हेच आहे. काच म्हणजे खिडकीची नव्हे. साखरेचे रेणू स्फटिकासारखे रांगेत न लागता अस्ताव्यस्त अवस्थेतच घट्ट थिजतात, त्या अवस्थेला काच म्हणतात. कोरडी साखर साधारण ६० ते ७० अंशांच्या खाली अशी काचरूप असते. तिच्यात पाणी मिसळलं की ही मर्यादा भराभर घसरते. आठ-दहा टक्के पाणी असेल तर ती खोलीच्या तापमानाच्याही खाली जाते, म्हणून टॉफी आपल्या दातांना चिवट लागते. पाणी काढून टाका, मर्यादा वर चढते, आणि त्याच तापमानाला तोच पदार्थ कडक आणि ठिसूळ होतो. मध फ्रीज-ड्राय करून कधीच धड कुरकुरीत होत नाही, त्याचंही कारण इथेच आहे. त्यात फ्रुक्टोज भरपूर असतं आणि फ्रुक्टोजची ही मर्यादा कोरडेपणीही फार खाली असते.

आता दाताखाली काय होतं ते बघा. कडक गोळीही काचच असते, पण ती सलग. ती एकदाच ‘कटकन’ तुटते आणि तुकडे टोचतात. फुगलेल्या कँडीत तीच काच शेकडो पातळ पडद्यांत वाटली गेलेली असते. दात खाली येतो तसा एकेक पडदा फुटत जातो, प्रत्येकाचा बारीक आवाज होतो आणि सगळे मिळून ‘कुरकुर’ ऐकू येते. कुरकुरीतपणा आपण दातांइतकाच कानांनीही अनुभवतो. गमी मात्र वेगळी वागते. तिच्यात जेलाटिनचं जाळं असतं, त्यामुळे ती बाहेरून कुरकुरीत आणि मधे चिवट राहण्याची शक्यता फार. मी प्रत्येक घाण्यातली एक गमी मधोमध मोडून बघते. ती तुटायच्या ऐवजी ताणली गेली तर यंत्र पुन्हा चालू करते.

चवीबद्दल सगळीकडे एकच स्पष्टीकरण वाचायला मिळतं: पाणी गेलं, म्हणून चव घट्ट झाली. मला ते पटत नाही, आणि साध्या हिशेबातही ते बसत नाही. ५०० ग्रॅम टॉफी ठेवली तर माझ्याकडे ४७० ग्रॅमच्या आसपास परत येते. म्हणजे साखर, आम्ल आणि सुवासाचं प्रमाण सहा-सात टक्क्यांनीच वाढलं. एवढ्याने कुणी डोळे विस्फारणार नाही. शिवाय आधी एका बरणीत मावणारी टॉफी आता तीन बरण्यांत भरावी लागते. म्हणजे तेवढ्याच मोठ्या घासात साखर उलट कमी आहे.

फरक पडतो तो वेगाचा. जिभेला कोरड्या पदार्थाची चव लागत नाही. आधी तो लाळेत विरघळावा लागतो. चिवट टॉफीचा गोळा फक्त वरच्या थरातून विरघळतो, म्हणून तिची चव मिनिटभर थोडी थोडी झिरपत राहते. फेसासारख्या कँडीत लाळ थेट आत शिरते आणि सगळे पातळ पडदे एकदम विरघळतात. एकाच गोळीचे दोन तुकडे घ्या, एक साधा, एक वाळवलेला, आणि न चावता जिभेवर ठेवून बघा. वाळवलेला तुकडा पहिल्या क्षणी जिभेला कापसासारखा चिकटतो, तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं, आणि लगेच आंबटपणाची लाट येते. पंधरा सेकंदांत सगळं संपतं. साधा तुकडा तेव्हा कुठे चव द्यायला लागलेला असतो. फळांच्या आंबट गोळ्यांत हा फरक सर्वांत जास्त जाणवतो, कारण त्यांतली सायट्रिक आणि मॅलिक आम्लं पंपाबरोबर उडून जात नाहीत. ती पूर्णच्या पूर्ण मागे राहतात आणि एका दमात जिभेवर येतात.

सुवासाचं गणित थोडं नाजूक आहे. सुवासाची द्रव्यं उडून जाणारीच असतात, आणि पंप चालू असताना त्यांतली काही जातातही. तरी बरीचशी टिकतात आणि मला हा भाग फार सुंदर वाटतो. पाक जसजसा कोरडा होतो तसतशी त्याची जाळी आवळत जाते. पाण्याचा रेणू लहान, तो त्यातून निसटतो. सुवासाचे रेणू मोठे, ते आत अडकतात. फ्रीज-ड्राय कॉफीचा वास टिकतो तो याच कारणाने. तुम्ही कँडी चावता तेव्हा हे पडदे फुटतात आणि कोंडलेला वास घशाच्या मागून नाकात चढतो. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा हाच असतो.

चॉकलेटच्या वाटेला जाऊ नका. त्यात पाणी एक टक्क्याच्या आसपास, बाकी बरीच चरबी, आणि चरबीची वाफ होत नाही. ट्रे गरम झाला की कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं आणि हाती नुसता चिखल येतो. आत कॅरमेल असलेल्या चॉकलेटचं कॅरमेल मात्र फुगून बाहेर येतं, ते खायला चांगलं लागतं. मार्शमॅलोला तर काहीच कष्ट नाहीत, तो आधीपासूनच फेस असतो.

घरात लहान मुलं असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ही कँडी हलकी लागते म्हणून मूठ-मूठ खाल्ली जाते, पण प्रत्येक गोळीतली साखर जशीच्या तशी आहे. तिचा चुरा दाढांच्या खाचांत बसतो, तेव्हा नंतर चूळ भरायला लावा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. पाणी काढल्याने जे झालं ते पाणी परत आल्यावर उलटतं. कोरड्या साखरेला ओलाव्याची ओढ असते आणि फेसामुळे हवेला भिडणारा तिचा पृष्ठभाग प्रचंड वाढलेला असतो. त्यामुळे दमट हवेत ती तासाभरातही सादळते: आधी कुरकुर जाते, मग पडदे मऊ पडून तुकडा आक्रसतो आणि शेवटी बोटांना चिकटायला लागतो. फ्रिजमध्ये ठेवून उपयोग नाही. थंड तुकडा बाहेर काढला की त्याच्यावर हवेतलं पाणी साचतं. घट्ट झाकणाची काचेची बरणी आणि तिच्यात सिलिका जेलची पुडी एवढं पुरतं. मी मोठ्या बरणीऐवजी लहान लहान बरण्या भरते, म्हणजे एक उघडली तरी बाकीच्यांना हवा लागत नाही. आणि नुकताच सादळलेला घाणा फेकू नका: तो पुन्हा दोन तास यंत्रात ठेवला की बहुतेक वेळा परत कुरकुरीत होतो, फक्त आकाराने आधीपेक्षा थोडा लहान राहतो.