‘प्रभाववादी तसबीर’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे : ‘इम्प्रेशनिस्ट पोर्ट्रेट’ला एका लेखात ‘प्रभाववादी तसबीर’ म्हटलंय, ते बरोबर का? ‘व्यक्तिचित्र’ म्हटलं की पुस्तकातलं वाटतं.

‘प्रभाववाद’ हिंदीत रूढ आहे, तिथे तो खुशाल नांदो. मराठीत मात्र प्रभाव एकाचा दुसऱ्यावर पडतो. ‘प्रभाववादी चित्रकार’ वाचलं की ‘कोणाच्या प्रभावाखालचा?’ असा प्रश्न पडतो. इम्प्रेशनिझममध्ये तर गोष्ट डोळ्याला क्षणभर जे दिसलं त्याची आहे. म्हणून मराठी विश्वकोशातला ‘दृक्‌प्रत्ययवाद’ अर्थाला चोख बसतो. उच्चारताना जीभ अडखळते आणि ‘प्रत्यय’ म्हणताच शाळेतलं व्याकरण आठवतं, हे मान्य.

या शब्दात एक गोष्ट मात्र हरवते : मुळातली टवाळी. एप्रिल १८७४मध्ये पॅरिसच्या बुलव्हार दे कापुसिन या रस्त्यावर, छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत या चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन भरलं. त्यांच्यातल्या क्लोद मोनेच्या सूर्योदयाच्या चित्राच्या नावात ‘इम्प्रेशन’ होतं. तेवढं पकडून समीक्षक लुई लरुआने ‘ल शारिवारी’ या विनोदी पत्रात सगळ्यांनाच ‘इम्प्रेशनिस्ट’ करून टाकलं. मोनेने त्याच रस्त्याचंही चित्र लावलं होतं. त्यातली चालती माणसं लरुआला जिभेने चाटून उमटवलेल्या काळ्या डागांसारखी वाटली! त्याचा सूर मराठीत आणायचा तर ‘भासवाले’ म्हणावं लागेल. १८७७च्या प्रदर्शनात चित्रकारांनी ती शिवी स्वतःच पाटीवर घेतली. त्यांच्यातल्याच एदगार देगाला मात्र ती कधीच रुचली नाही.

आता तसबीर. तसबीर चौकटीत असते, भिंतीवर असते, बहुधा हारासकट. तिच्यातला माणूस आपल्याकडे बघत बसलेला असतो. देगाचं १८७५च्या सुमाराचं ‘प्लास द ला काँकॉर्द’ हे चित्र पाहा, पॅरिसमधल्या एका चौकाचं. त्याचा मित्र लपिक, दोन मुली आणि कुत्रा. लपिकच्या तोंडात सिगार, काखेत छत्री. बाप एकीकडे निघालाय, मुली भलतीकडे बघतायत. डाव्या कडेला एक अनोळखी माणूस अर्धाच चित्रात आलाय आणि मधोमध नुसता मोकळा चौक. हे कुटुंबाचं पोर्ट्रेट आहे आणि रस्त्याचंही. याला तसबीर कसं म्हणणार?

समीक्षक द्युरांतीने १८७६च्या पुस्तिकेत नेमकं हेच मागितलं होतं : माणूस त्याच्या खोलीत, रस्त्यावर, त्याच्या वावरात दाखवा, नुसत्या पाठीवरूनही त्याचं वय, स्वभाव, समाजातलं स्थान कळावं. मराठीत गद्यातलं व्यक्तिचित्र हेच तर करतं. माणसाची लकब, त्याची छत्री, त्याची गल्ली. म्हणजे जो ‘पुस्तकी’ वास तुम्हाला खटकला, तोच इथे कामाचा आहे. ‘दृक्‌प्रत्ययवादी व्यक्तिचित्र’ लिहा. बोलताना ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणा, कोणी हसणार नाही.

पण प्रत्येक ओळखू येणारा चेहरा व्यक्तिचित्र नव्हे. देगाच्याच ‘अॅबसिंथ’ या चित्रात कॅफेत शून्यात बघत बसलेली बाई म्हणजे अभिनेत्री एलेन आंद्रे, शेजारचा चित्रकार मार्सलँ देबुतँ. दोघंही देगासाठी त्या भूमिकेत बसली होती. तिथे मी ‘प्रसंगचित्र’ म्हणेन.