मातीचा किल्ला जवळजवळ चारशे वर्षं टिकतो कसा?

प्रश्न असा आहे की दगडी किल्ले ढासळतात, मग युद्धात घाईघाईने रचलेला मातीचा किल्ला कसा उरतो? इंग्लंडमधल्या न्यूअर्क गावचा 'क्वीन्स स्कॉन्स' बघा (स्कॉन्स म्हणजे छोटा किल्ला).

राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवीत न्यूअर्क राजाच्या बाजूला होतं. गावाच्या रक्षणासाठी राजाच्या सैन्याने चारही कोपऱ्यांना बाणाच्या टोकासारखे बुरूज असलेला हा चांदणीच्या आकाराचा किल्ला उभारला, भोवती खंदक खणून. नाव चार्ल्सची राणी हेन्रिएटा मारिया हिच्यावरून.

माती वापरली ती गरिबीमुळे नव्हे. तोफगोळा दगडी भिंतीवर आदळला की चिरे फुटतात, कपच्या उडून आतलेच लोक जखमी होतात. मातीत मात्र तो नुसता रुततो. रात्रीतून चार पाट्या माती टाकली की भगदाड बुजलं! शिवाय टोकदार बुरुजांमुळे तटाच्या पायथ्याशी शत्रूला लपायला जागाच उरत नाही, शेजारच्या बुरुजावरून थेट मारा होतो.

मे १६४६ मध्ये राजाच्याच हुकमावरून गाव शरण गेलं. तटबंदी पाडायची ठरली होती, पण गावात प्लेग होता, त्यामुळे हा किल्ला वाचला. जोडीचा 'किंग्ज स्कॉन्स' मात्र नामशेष झाला.

आणखी एक कारण म्हणजे दगड लोक घरं बांधायला पळवतात, मातीचा ढिगारा कोण नेणार? वर गवत उगवलं की पावसानेही फारशी धूप होत नाही. आज ते संरक्षित स्मारक आहे. जमिनीवरून नुसती टेकाडं वाटतात, चांदणी दिसते ती वरून घेतलेल्या फोटोत.